काहीच न बनवणारं जनुक

“आणि त्यातलं एखादं जनुक काढून टाकलं तर?” बाईंनी विचारलं.

“तर थांबतं.”

“काय थांबतं?”

“द्रव्य बनायचं थांबतं, बाई. बुरशी वाढते, पसरते, कापसासारखी पांढरीशुभ्र दिसते. पण ज्याच्यासाठी आपण तिच्या मागे लागलो, ते द्रव्य तेवढं तिच्यात सापडत नाही. थेंबभरसुद्धा नाही.”

“हं.”

एवढं म्हणून खोडके बाईंनी सुपातल्या दगडफुलातली एक काडी उचलली आणि बाजूला टाकली.

दामिनी गेडाम जरा हिरमुसली. नागपूरहून उजाडायच्या आत निघून, मेळघाटातली वळणं चढून ती चिखलदऱ्याला आली होती ती ही बातमी सांगायला. नुसतं ‘हं’ ऐकायला नव्हे.

इंदुमती खोडके बाईंनी सारी उमर अमरावतीच्या कॉलेजात बुरश्या शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान वामनराव इथे डोंगरावर येऊन राहिले. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे कॉफीची चार झुडपं. वऱ्हाडात त्यांचे विद्यार्थी जिथे तिथे होते, आणि सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

त्या सगळ्यांत हुशार कोण, असं कोणी विचारलं तर बाई दामिनीचं नाव घेत. आणि मानी कोण, असं विचारलं तरी तिचंच.

ही बुरशी मुळात बाईंचीच. फार वर्षांपूर्वी खालच्या जंगलात पडलेल्या एका झाडाच्या सालीवरून त्यांनी ती खरवडून आणली होती आणि एका काचनळीत जपून ठेवली होती. दामिनीने ती आपल्या प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं. ते द्रव्य शरीराची चिडचिड शांत करायचं.

ही चिडचिड म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. एकाची किडनी दुसऱ्याच्या पोटात बसवली की ते पोट काही ती मायेने दिलीय हे बघत नाही. त्याला एवढंच कळतं, की हे परकं आहे. मग ते तिला फाडायला उठतं. त्याला रोज समजावावं लागतं, औषधाने. असलं एक जुनं औषधही बुरशीतूनच आलेलं. बाई ते सकाळ-संध्याकाळ घेत. त्यांच्या पोटात वामनरावांची किडनी होती.

पण त्या औषधाचा एक खोडसाळपणा होता. ज्या किडनीला ते सांभाळतं, तिलाच वर्षानुवर्षांनी हळूहळू झिजवतं. दामिनीला त्याहून मवाळ औषध हवं होतं. कोणासाठी, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“बुरशीत दहा हजारांवर जनुकं आहेत, बाई,” ती पुन्हा सांगू लागली. “म्हणजे दहा हजार घरांचं गाव. त्यातल्या कोणत्या घरांत हे द्रव्य शिजतं ते शोधायचं. बरं, बऱ्याच घरांना कुलूप. बुरशीला गोड पाण्यात ठेवलं, भरपूर खायला दिलं, की ही जनुकं झोपलेली. उपाशी ठेवलं की जागी होतात.”

“भरल्या पोटी बनवत नाही?”

“नाही.”

“शहाणी आहे.”

“मग मी दोन्ही वेळची नोंद ताडून पाहिली. भुकेल्या बुरशीत कोण जागं आहे, पोट भरलेल्या बुरशीत कोण झोपलंय. आणि सापडली, बाई! एकाच गल्लीत, एकाला लागून एक. अशी.”

तिने सुपातून दगडफुलाचे तुकडे उचलले आणि ओट्यावर एका ओळीत मांडले.

“हे साखळी विणतं. हे तिला गाठ मारतं. हे टोक कापतं. हे बनलेलं बाहेर नेऊन टाकतं. एकेक काढून पाहिलं. प्रत्येक वेळी काम अडलं.”

“नुसतं काढलंस? परत नाही घातलं?”

“घातलं ना. परत घातल्यावर काम परत सुरू झालं. काढल्यावर थांबतं हा अर्धा पुरावा, परत घातल्यावर सुरू झालं तर पुरा. तुम्हीच शिकवलंय.”

बाईंनी मान डोलावली. मग ओळीच्या शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“आणि हे?”

“ते... ते काहीच बनवत नाही.”

“मग ओळीत कशाला बसलंय?”

दामिनी हसली. हाच प्रश्न यावा म्हणून ती वाट पाहत होती.

“मी त्याला सोडूनच दिलं होतं. म्हटलं, शेजारी म्हणून बसलं असेल, काम काही नाही. पण सगळ्यांना काढून पाहिलं तर यालाही काढू, म्हणून काढलं.”

“आणि?”

“बुरशी मेली.”

बाईंचा सुपातला हात थांबला.

“बाकी सगळी जनुकं जागच्या जागी. द्रव्य उत्तम बनत होतं, नेहमीसारखं. पण कडेकडेने ती काळी पडत गेली आणि मेली. स्वतःच बनवलेल्या द्रव्याने. ते जहालच असतं ना, बाई. दुसऱ्याला औषध, पण बनवणारीलाही ते लागतंच. हे शेवटचं जनुक काही बनवत नाही. ते फक्त झेलतं. आपलंच आपल्याला सोसेल असं करतं. ते नसलं तर...”

“अहो!” बाईंनी घरात हाक मारली. “ऐकलंत का? दामिनीने काय शोधलंय!”

वामनराव हात पुसत दारात आले. त्यांना यातलं ओ की ठो कळलं नसणार, पण बाईंचा चेहरा बघून त्यांचाही चेहरा फुलला. “शाबास, बेटा,” ते म्हणाले.

दामिनीला आता बळ आलं.

“अजून एक आहे, बाई. नव्या जनुकांना नाव द्यायचं असतं. शोधणाऱ्याने द्यायचं. मी तुमचं द्यायचं ठरवलंय. इंदू.”

बाई नाही म्हणतील, मग आपण काय काय म्हणायचं, हे तिने घाटभर घोकलं होतं.

“दे,” बाई म्हणाल्या.

दामिनीने चमकून वर पाहिलं.

“काय झालं?”

“नाही... मला वाटलं तुम्ही नको म्हणाल.”

“का म्हणू? मला आवडलं. आजवर कोणी मला बुरशीत बसवलं नव्हतं.” आणि त्या अशा खुशीत हसल्या, की जणू कोणी शाळकरी पोरीच्या हातावर चिंच ठेवली.

दामिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. असं, काही न बोलता, दोन्ही हातांनी घेऊन टाकणं... तिला ते जरा विचित्रच वाटलं.

धुकं ओट्यापर्यंत आलं. वामनरावांनी दिवसाच दिवा लावला आणि ते आत गेले.

“आता दुसरं सांग,” बाई म्हणाल्या.

“दुसरं काय?”

“ज्याच्यासाठी आलीस ते.”

“हेच सांगायला आले, बाई.”

“हे फोनवर झालं असतं.”

दामिनीने ओळीतले तुकडे सरळ केले. पुन्हा वाकडे केले.

“...दादा,” ती शेवटी म्हणाली.

दादा म्हणजे मारोती, तिचा थोरला भाऊ. वरोऱ्याला शिवणकाम करायचा. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला चंद्रपूरला जावं लागे. त्याच्या बायकोला साखरेचा आजार, तिची किडनी चालण्यासारखी नव्हती. दामिनीची जुळत होती. नुसती जुळत नव्हती, डॉक्टर म्हणाले होते की इतकं चांगलं जुळणं क्वचितच बघायला मिळतं.

“मी सगळं केलं, बाई. सगळ्या तपासण्या करून घेतल्या. दवाखाना ठरवला. चांगल्यातला चांगला सर्जन ठरवला. रजा टाकली. त्याला फक्त यायचं होतं.”

“मग?”

“नको म्हणतो.”

“का?”

“नुसतं नको. ‘मले कोणाचं काही नको.’ एवढंच. वहिनी रडली, डॉक्टरांनी समजावलं. ढिम्म हलत नाही.” तिचा आवाज चढला. “माझी किडनी आहे! मी आपखुशीने देतेय. त्याला नाही म्हणायचा हक्क काय?”

“नाही का?”

दामिनीचा सूर उतरला.

“बाई, तुम्ही त्याच्याशी बोला. तुम्ही घेतलीय. काकांनी दिली तेव्हा तुम्हालाही जड गेलं असेल. तुम्ही सांगितलं तर ऐकेल तो.”

“ह्यांनी दिली नव्हती.”

“म्हणजे?”

“मी मागितली.”

“...मागितली?”

“हो. हे काय देणार! घाबरट माणूस. सुई बघितली की डोळे मिटतात.”

“आठवडाभर झोप नव्हती मला,” आतून वामनरावांचा आवाज आला. त्यात जराही लाज नव्हती.

“मग तुम्ही हो कसं म्हणालात, काका?”

आतली भांडी वाजायची थांबली.

“संसारात हिने मला कधी काही मागितलंच नव्हतं, बेटा,” वामनराव म्हणाले. “पहिल्यांदाच मागितलं. नाही कसं म्हणू? मला तर उलट...” भांडी पुन्हा वाजू लागली.

बाईंनी दगडफुलातली आणखी एक काडी काढून टाकली.

“तू मारोतीला शेवटचं काय मागितलं होतंस?” त्यांनी विचारलं.

“मी?” दामिनीने आठवून पाहिलं. “मी कशाला काही मागू त्याला? त्याने माझ्यासाठी आधीच किती केलंय! मागायची वेळच येऊ दिली नाही मी.” हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली. “कॉलेजात गेले तेव्हा त्याने मला प्रयोगशाळेत घालायला ॲप्रन शिवून दिला होता. स्वतःच्या हाताने. नोकरी लागल्याबरोबर मी त्याला विजेवर चालणारी मशीन घेऊन दिली. घरावर स्लॅब टाकून दिला. त्याने दिलेलं एक ठेवलं नाही, बाई. सगळं परत केलं. दुपटीने.”

“आणि ॲप्रन?”

“तो जुना झाला. आता तिथे आयतेच मिळतात.”

बाईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. हसू असावं, किंवा दुसरं काही.

“पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा मी तुला छत्री दिली होती. आठवतं?”

“हो.”

“दुसऱ्या दिवशी परत आणून दिलीस.”

“दुसऱ्याची वस्तू होती.”

“धो धो पाऊस होता, दामिनी. छत्री माझ्या हातात दिलीस आणि भिजत परत गेलीस. मी खिडकीतून बघत होते.”

दामिनीला हसावं की चिडावं कळेना.

बाईंनी ओट्यावरच्या ओळीतला शेवटचा तुकडा उचलला. दामिनीचा हात धरला, तिच्या तळहातावर तो ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

“बाई, त्याला फोन करणार ना?”

“नाही.”

“बाई...”

“धुकं दाटायच्या आत घाट उतर.”

घाट उतरताना दामिनी रागाने धुमसत होती. एवढ्या लांब आले ती कशासाठी? दोन शब्द बोलायला काय जात होतं बाईंचं? परतवाड्याला ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगून तिने चहा मागवला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की उजव्या हाताची मूठ अजून मिटलेलीच आहे. दगडफुलाचा पार चुरा झाला होता. तिने हात झटकला. वास मात्र जाईना.

रविवारी ती वरोऱ्याला गेली.

दरवेळी ती जायची ती हातात काहीतरी घेऊन. औषधं, फळं, तपासणीचे कागद, डॉक्टरांचा निरोप. या खेपेला कसलाच बेत नव्हता, म्हणून हातात काही नव्हतं. रिकामे हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना. दुकानाच्या पायरीवर ती तशीच बसली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मारोती पायाच्या जुन्या मशीनवर कोणाचा तरी शाळेचा स्कर्ट शिवत होता. त्याचा चेहरा सुजलेला होता, पाय सुजलेले होते, पण टाके सरळ पडत होते. कोपऱ्यात तिने दिलेली मशीन उभी होती. तिच्यावर इस्त्री केलेलं कापड झाकलेलं. दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं. एरवी तिला कोणी हात लावत नसे.

“दादा, त्या मशीनवर काहून नाई शिवत?” वरोऱ्याला आली की तिची बोलीही घरी यायची.

“चांगली हाये ते. खराब होईन.”

आपण ही मशीन आणली त्या दिवशी दादा काय म्हणाला होता, हे ती आठवू लागली. काहीच म्हणाला नव्हता. दिवसभर दुकानाबाहेर बसून होता.

“पुन्हा तेच सांगाले आली असशीन,” मारोती मान वर न करता म्हणाला, “तं चहा पी आन् जा. मी नाई म्हन्लं म्हंजे नाई.”

“ते नाई सांगाले आली.”

“मंग?”

मग काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती पायरीवरच्या भेगेत बोट घालून बसली. मशीन चालत होती, खडखड, खडखड. त्या आवाजात लहानपणी तिला झोप लागायची. आणि मग, तिने ठरवलं नव्हतं, मनात जुळवलंही नव्हतं, तिच्या तोंडून निघून गेलं...

“दादा, मले भेव वाटते.”

मशीनचं चाक थांबलं.

“कायचं?”

“ऑपरेशनचं.” एकदा निघालं तसं सगळंच निघालं. “मी कधी दवाखान्यात भरती नाई झाली. झोपीचं इंजेक्शन देतेत, मंग काईच समजत नाई म्हन्तेत. अन् मी उठलीच नाई तं? मले झोप नाई येत, दादा. कोनाले सांगतलं नाई मी हे.”

खरंच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना ती म्हणाली होती, मला सगळं माहीत आहे, मी या क्षेत्रातलीच आहे. वहिनीला म्हणाली होती, किरकोळ गोष्ट आहे. बाईंपाशीही बोलली नव्हती. स्वतःशीसुद्धा नाही.

मारोती तिच्याकडे बघत राहिला. जणू फार वर्षांनी ओळखीचं कोणी दारात आलं होतं आणि नाव आठवत नव्हतं.

“तू भेते?”

“हाव.”

“तू तं कायलेच भेत नवती.”

“भेत होती. सांगत नवती.”

“मंग नको देऊ नं, येडी! कोन म्हन्लं तुले दे म्हून?”

“द्याची हाये मले.” आता ती हुंदके देऊन रडत होती, भर रस्त्यावरच्या पायरीवर, दोन विषयांत डॉक्टरेट मिळवलेली, पन्नास माणसांसमोर बोलताना जिचा आवाज कापत नसे ती. “द्याची हाये. पन मले एकटीले भेव वाटते. तू पायजे नं...”

मारोती उठला. सुजल्या पायांनी दोन पावलं टाकत तिच्यापाशी येऊन पायरीवर बसला. त्याच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांचे डाग होते, तो हात त्याने मांडीवर जपून ठेवला आणि उजवा तिच्या डोक्यावर ठेवला.

“काहून रडते वो? मी हाये नं.”

ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली. ती थांब म्हणाली नाही, त्याचा हातही काढला नाही. समोरून सायकलवर जाणारा एक माणूस वळून वळून बघत गेला. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि तशीच आत परतली.

तिचे हुंदके ओसरले तसं मारोतीने विचारलं.

“दोघाईले संगच नेतेत का आत?”

“...कुठी?”

“ऑपरेशनले.”

“बाजूबाजूच्या खोलीत. पयले मले नेतेत. मंग तुले.”

“पयले तुले काहून?”

“तशीच रीत हाये.”

त्याने मांडीवर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून टाकला.

“बरं,” तो म्हणाला. “मी येतो तुह्यासंगं. तू एकटी नको जाऊ.”

दामिनीने डोकं उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. दहावीच्या परीक्षेला तिला सायकलवर बसवून सेंटरवर नेताना त्याचा जसा चेहरा व्हायचा, तसा झाला होता. कामाचा माणूस. बहिणीला पोचवायचंय.

“आता आत चाल,” तो म्हणाला. “तोंड धू. लोक पायतेत.”

पुढे जे व्हायचं ते झालं. नागपूरच्या दवाखान्यात दोघांना भरती केलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मारोती तिच्या खोलीत येऊन तिला बजावून गेला, की झोपीच्या इंजेक्शनला अजिबात भ्यायचं नाही, आपण आठवड्यातून तीनदा सुया घेतो, काही होत नाही. सकाळी तिला नेताना तो स्वतःच्या खाटेवर उठून बसला होता. नर्सने दोनदा झोपायला सांगितलं तरी तो झोपला नाही. तिची स्ट्रेचरची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उघड्या दारातून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामिनीला नीट शुद्ध आली, तेव्हा खाटेशी खोडके बाई बसल्या होत्या.

तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, अंगावर दवाखान्याने दिलेला हिरवा झगा. नुसते डोळे दिसत होते. असल्या गर्दीच्या जागी यायची त्यांना मनाई होती. रोजच्या औषधाने प्रतिकारशक्ती दबलेली, एवढासा संसर्गही त्यांना महागात पडला असता. वामनराव बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते, काचेतून आत बघत होते, पुन्हा येरझारा घालत होते.

“बाई... तुम्ही कशाला आलात?”

बाईंनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“दादा?”

“लघवी उतरली. रात्रीच. भरपूर.” बाईंच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. “डॉक्टर हसत होते. मारोती शुद्धीवर आला आणि पहिलं काय विचारलं माहीत आहे? ‘ते भ्याली तं नाई नं?’”

दामिनीने डोळे मिटले. कानशिलांवरून पाणी उशीत गेलं. पुसायला हात उचलला, तो सलाइनच्या नळीत अडकला. तिने तो तसाच राहू दिला.

“आता त्यालाही तेच औषध सुरू केलं असेल,” ती म्हणाली. “तुमचंच. जुनं. माझं यायला अजून किती वर्षं लागतील, बाई... आधी उंदरांवर बघायचं, मग...”

“होईल.”

“झालं तर.”

“झालं तर.”

नर्स तांदळाच्या पेजेची वाटी घेऊन आली. हळूहळू द्या, दोन-दोन चमचे, असं सांगून ती टेबलावर ठेवून गेली. बाईंनी वाटी उचलली. चमचा भरला, मास्कआडून फुंकर येईना म्हणून नुसताच थोडा वेळ हवेत धरला. औषधाने त्यांचा हात आताशा कापायचा. दोन थेंब चादरीवर सांडले.

दामिनी कोपरावर उठायला गेली. कुशीत कळ आली, तरी उठली.

“बाई, द्या इकडे. तुम्ही कशाला? मी घेते माझ्या हाताने. मला येतं.”

बाईंनी चमचा दिला नाही. मागेही घेतला नाही.

कापणारा चमचा तिच्या ओठांशी आला आणि तिथे थांबला.

“आ कर,” बाई म्हणाल्या.